रेणूला मी थांबवलं होतं

फोन रेणूच्या नंबरवरून आला म्हणून मी उचलतानाच म्हणाले, “आता काय विसरलीस गं?” ती घरातून निघून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. पण पलीकडे रेणू नव्हती. एका पुरुषाचा आवाज होता, धाप लागलेला. “ताई, तुमी हिच्या मावशी का? पोरगी पडलीय इथं प्लॅटफॉर्मवर. फीट आल्ती वाटतं. जल्दी या.” त्याच्या मागे गाडी सुटल्याचा भोंगा मला स्पष्ट ऐकू आला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिची गाडी चुकली, आता आज कॉलेज बुडणार… मी गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि पीठ लागलेल्या हातांनीच धावत सुटले.

स्टेशनवर पोचायची गरजच पडली नाही. समोरून रिक्षा येत होती, तिच्यात रोज अपडाऊन करणारी दोन माणसं रेणूला आडवी धरून बसली होती. मी चालत्या रिक्षाला हात केला आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसले. मागे वळून बघितलं तर रेणूचा चेहरा पाण्यानं भिजलेला होता. कुणी पाणी मारलं होतं, कुणी नाकाला कांदा लावला होता, कुणी चप्पल हुंगवली होती. सगळ्यांनी आपापल्या परीनं केलं, मी त्यांना दोष देत नाही, मी तिथं असते तर मीही तेच केलं असतं. “रेणू… रेणू…” मी हाका मारत होते. तिची वेणी रिक्षाच्या बाहेर लोंबत होती आणि ती चाकात अडकेल म्हणून मी एका हातानं धरून ठेवली होती. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं रेणूला टेबलावर घेतलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. दारातून मला फक्त तिचे खांदे वर-खाली होताना दिसत होते. किती वेळ ते चाललं हे मला सांगता येणार नाही. मधे एकदा तिनं नर्सला जागा दिली, पुन्हा स्वतः घेतली. मग थांबली. घड्याळाकडे बघितलं. मी अजून वेणी धरल्यासारखी मूठ मिटून उभी होते.

रेणू माझ्या धाकट्या बहिणीची, मीराची थोरली मुलगी. वय सोळा पूर्ण, सतरावं चालू. मीराचं सासर वडीगोद्रीच्या पलीकडे, आत चार किलोमीटरवर. तिचा नवरा अंकुशराव शेती करतो आणि वाडवडलांपासूनची मेंढरं अजून राखतो. मी बदनापूरला एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे. दहावीनंतर रेणूला सायन्सला जायचं होतं. जालन्याला कॉलेज, आणि बदनापूरहून सकाळची पॅसेंजर, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. मीराला मी फोनवर एवढंच म्हणाले, “रेणूला बरं नाही, दोघं निघून या.” पण आवाज लपत नाही. तीन तासांनी जीप दवाखान्यासमोर थांबली तेव्हा मीरा उतरली ती सरळ माझ्याकडे न बघता आत गेली. तिचा आवाज मी इथं लिहिणार नाही.

थोड्या वेळानं डॉक्टरीण बाहेर आली, मीरासमोर गुडघ्यांवर बसली आणि विचारलं, “याआधी कधी चक्कर येऊन पडली होती का? खेळताना, पळताना?” मीरा म्हणाली, “न्हाई ओ बाई, माझी पोर लई काटक. मेंढरामागं पळायची. कधीच न्हाई.” मग डॉक्टरणीनं माझ्याकडे बघितलं. “तुमच्याकडे राहत होती ना? तुमच्या पाहण्यात?”

“नाही,” मी म्हणाले.

ते खोटं होतं.

रेणू कशी होती हे आधी सांगते, म्हणजे मी खोटं का बोलले ते कळेल. ती फार बोलायची. मला मावशी न म्हणता ‘मावशे’ म्हणायची, आणि माझ्या नवऱ्याला ‘काका, तुमी लई सीरियस’ असं तोंडावर सांगायची. आमच्या घरात कुणी जेवताना बोलत नसे, ती आल्यावर जेवण तास तास चालायला लागलं. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. हे काही पुस्तकात वाचून ठरलेलं नव्हतं. ती अकरा वर्षांची असताना मी मीराकडे गेले होते, थंडीचे दिवस होते. एक मेंढी सकाळपासून अडली होती. अंकुशराव गावात गेलेले. कोकरू शेवटी बाहेर आलं ते निपचित. मीरा म्हणाली, गेलं. रेणूनं त्याला उचललं, मागचे पाय धरून उलटं झुलवलं, नाकातला चिकटा बोटानं काढला, तोंड लावून फुंकर मारली आणि गोणपाटानं खसाखसा घासत बसली. “ऊठ की रे… ऊठ…” असं त्याला रागावत होती. मला ते बघवत नव्हतं. मी म्हणाले, “सोड बाळा, गेलं ते.” तिनं मान वर न करता सांगितलं, “मावशे, तू गप.” आणि ते कोकरू शिंकलं. तिचे हात कोपरापर्यंत भरले होते आणि ती त्याच हातांनी नाक पुसत हसत होती. प्लॅटफॉर्मवर तिच्याभोवती एवढी माणसं होती, पण तिला कोकरासाठी जे येत होतं ते तिच्यासाठी करायला कुणाला येत नव्हतं. मलाही येत नव्हतं.

चक्कर आली ती माझ्याच डोळ्यांसमोर. ती जायच्या सात महिने आधी. शेजारच्यांच्या मुलीच्या हळदीला पोरी नाचत होत्या, रेणू सगळ्यांच्या मधे. मोठ्यानं गाणं लागलेलं. नाचता नाचता ती खाली बसली असं मला वाटलं. मग दिसलं की बसली नाही, कोसळली. मी पोचेपर्यंत तिचे डोळे उघडे होते पण ती त्यांच्यातून बघत नव्हती. मिनिटभर असेल. मग तिनं एकदम मोठा श्वास घेतला, उठून बसली आणि म्हणाली, “काय झालं? गाणं काहून बंद केलं?” सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. ती सकाळपासून उपाशी होती, रक्त तपासलं तर कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, वेळच्या वेळी खात जा म्हणाले. त्यात चूक काय होती? आपल्याकडच्या कोणत्या पोरीचं रक्त कमी नसतं? दवाखान्यातून येताना रेणूनं माझा हात घट्ट धरला. “मावशे, आईला नको सांगू. बाबाला निमित्तच पायजे. म्हणतील, तब्येत झेपत न्हाई, बस झालं कॉलेज, चल घरी. शप्पथ घे.” मी शपथ घेतली नाही, पण सांगितलंही नाही. मला वाटलं मी भाचीच्या शिक्षणाची बाजू घेतेय. मीराच्या पोटची पोर माझ्याकडे असताना पडली आणि ते मीराला ठाऊक नाही, ही गोष्ट त्यानंतर सात महिने माझ्या आणि मीराच्या प्रत्येक फोनच्या मधे होती. “जेवते ना नीट?” ती विचारायची. “जेवते,” मी सांगायचे. आणि म्हणूनच मी तिच्या खाण्याच्या मागं हात धुऊन लागले होते.

त्या दिवशी सकाळीही तेच. मेथीची भाजी झाली होती, पहिली भाकरी डब्यात, दुसरी तव्यावर. रेणू दारात एका पायात सँडल घालून उभी. “मावशे, गाडी जाईल. राहू दे ती.” “डबा अर्धा न्यायचा नाही. दोन मिनिटं थांब.” “दोन मिनिटं म्हंजी तुझी दहा असतात.” पण ती थांबली. भाकरी फुगेपर्यंत तिनं दुसरी सँडल घातली, आरशात बघितलं, पुन्हा दारात येऊन पाय आपटले. मी डबा हातात दिला तेव्हा खरंच उशीर झाला होता. “आता पळावं लागल,” ती म्हणाली, आणि पळाली. कोपऱ्यापर्यंत मी बघत होते. दप्तर पाठीवर उडत होतं. लोक सांगतात, ती फाटकापासून प्लॅटफॉर्मपर्यंत जोरात पळत आली, गाडीचा डबा अगदी हाताच्या अंतरावर होता, तिनं दांडी धरायला हात वर केला आणि तशीच खाली गेली. कुणी ढकललं नाही, पाय घसरला नाही. जेवणाचा डबा मात्र बंदच राहिला. तो मला परत मिळाला.

पुढचे दिवस मी वडीगोद्रीकडे मीराच्या घरीच होते. जालन्याला शवविच्छेदन झालं. हृदय बघितलं, डोकं बघितलं, काही सापडलं नाही. नंतर आलेल्या अहवालात विषाचा अंशही नव्हता, हे मुद्दाम लिहिते, कारण काही सापडलं नाही याचा अर्थ गावात वेगळाच निघाला. सोळा वर्षांची पोर, बाहेरगावी शिकायला ठेवलेली, एकाएकी गेली. भेटायला येणाऱ्या बाया मीराच्या गळ्यात पडून रडायच्या आणि बाहेर निंबाखाली जाऊन हळू आवाजात बोलायच्या. एकीनं मला बाजूला घेऊन विचारलंच, “कालेजात काही भानगड बिनगड न्हवती ना, बाई?” माझी आई तिथं बसली होती. सत्तरीची आहे ती, घनसावंगीकडच्या आमच्या माहेरच्या गावाहून आली होती. तिनं ते ऐकलं आणि डोक्यावरून पदर पुढे ओढून नुसती म्हणाली, “पुन्हा तेच.” त्या वेळी तिथं ‘पुन्हा’चा अर्थ फक्त आम्हा दोघी बहिणींना आणि तिला कळला. आम्ही तिघींनीही एकमेकींकडे बघितलं नाही.

दहाव्याच्या आधी त्या डॉक्टरणीचा फोन आला. तिनं अंकुशरावांचा नंबर लिहून ठेवला होता. ती म्हणाली, हृदय दिसायला चांगलं असून आतली विजेची यंत्रणा बिघडलेली असू शकते, माणूस गेल्यावर ते सापडत नाही, पण घरात वारशानं येतं. घरातल्या सगळ्या रक्ताच्या नात्यांचा ईसीजी काढा. छत्रपती संभाजीनगरला हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांकडे जा. आणि रेणूच्या लहान बहिणीला तोपर्यंत पळू देऊ नका, पाण्यात उतरू देऊ नका.

लहान बहीण म्हणजे पूजा, बारा वर्षांची. अंकुशरावांनी फोन ठेवला आणि ओट्यावर बसून राहिले. मीरा म्हणाली, “उद्याच जाऊ.” ते म्हणाले, “कुठं जायचं न्हाई.” “का?” “एक गेली. आता दुसरीला बी दवाखान्याचा ठप्पा मारून आनायचा का? उद्या हिला कोन करून घेईल? लोक म्हनतील, त्यांच्या पोरी अशाच, पटकन मरतात.” “मरू नये म्हनून तर जायचं!” “कळून रेणू परत येनार हाय का, सांग?” मीरा इतक्या जोरात ओरडली की वाड्यातली मेंढरं एका कोपऱ्यात गोळा झाली. “मला कळाया पायजे माझी पोर कशानं मेली! लोकं काय बोलून राह्यलेत ते ऐकू येतं न्हाई का तुमाला?”

मला वाटत होतं, अंकुशरावांनी मीराचं ऐकू नये. खोटं कशाला बोलू आता? मोठा डॉक्टर तोच प्रश्न पुन्हा विचारणार होता आणि मीरा माझ्या शेजारी बसलेली असणार होती. पूजा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि ती तो कुणाला द्यावा हे न कळून उभी होती. अंकुशरावांची नजर तिच्यावर गेली. त्यांनी तांब्या तिच्या हातातून घेतला. मग मला म्हणाले, “अक्का, तुमी बी चला. तुमाला बोलता येतं डॉक्टरसंगं.”

आम्ही पाच जण गेलो. मीरा, अंकुशराव, पूजा, आई आणि मी. सगळ्यांचे ईसीजी झाले. डॉक्टर वयस्क होते, हळू बोलणारे. त्यांनी कागदाच्या पट्ट्या समोर मांडल्या आणि एक लहान मोजपट्टी घेऊन मापं घ्यायला लागले. अंकुशरावांची बाजूला ठेवली. माझी बाजूला ठेवली. मीराची आणि आईची हातात धरून बसले. पूजाची बघितली आणि नर्सला म्हणाले, “हिचा परत काढा.” पूजा आत गेली. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. डॉक्टरांनी वहीवर पेन टेकवलं आणि विचारलं, “थोरली मुलगी याआधी कधी बेशुद्ध पडली होती?”

“न्हाई,” मीरा म्हणाली.

आत पूजा टेबलावर झोपली होती, तिच्या छातीला ते थंड गोळे लावत असतील, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. “पडली होती,” मी म्हणाले. “सात महिन्यांपूर्वी. माझ्याकडे. नाचताना. मिनिटभर शुद्ध नव्हती. मी मीराला सांगितलं नाही. दवाखान्यात विचारलं तेव्हाही मी नाही म्हणाले.”

मीरानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. लहानपणी ताप आला की ती मला शोधत अंथरुणातून उठून यायची. ती मीरा त्या नजरेत नव्हती. तिची खुर्ची माझ्या खुर्चीला टेकलेली होती, ती तिनं उचलून थोडी पलीकडे ठेवली.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग चष्मा काढून सगळ्यांना उद्देशून विचारलं, “आईच्या माहेरी आणखी कुणी तरुणपणी अचानक गेलंय? झोपेत, खेळताना, घाबरल्यावर… किंवा पाण्यात? चांगलं पोहता येत असून बुडालं, असं कुणी?”

भिंतीशी बसलेली माझी आई म्हणाली, “माझी कमळ.”

कमळ आमची थोरली बहीण. ती गेली तेव्हा अठरा वर्षांची होती, मी चौदाची, मीरा नऊची. तिचं लग्न ठरलेलं होतं. भर दुपारी आमच्या मळ्यातल्या विहिरीत ती गेली. पोहायला उतरली होती की काय हे बघायला कुणी नव्हतं. लोकांनी ठरवलं, स्थळ पसंत नव्हतं म्हणून पोरीनं जीव दिला. वडिलांनी ते मानलं. त्या दिवसापासून घरात तिचं नाव बंद झालं. फोटो ट्रंकेच्या तळाशी गेला. पितृपक्षात तिचं पान नाही. वडील गेले तरी ती बंदी गेली नाही. रेणूला आणि पूजाला तर आपल्याला आणखी एक मावशी होती हेच माहीत नव्हतं. तेहेतीस वर्षांत आईच्या तोंडून ‘कमळ’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

“पोहता येत होतं तिला?” डॉक्टरांनी विचारलं.

“माशावानी. तिच्या बापानं भोपळा बांधून शिकवल्तं. रोज उतरायची.”

डॉक्टर म्हणाले, “आजी, इतक्या वर्षांनी खात्रीनं मी सांगू शकत नाही. पण या घराण्यात जो दोष दिसतोय, त्यात पोहताना, पळताना हृदयाचा ताल एकदम बिघडतो आणि माणसाची शुद्ध हरपते. पाण्यात असला तर तो बुडतो. तुमच्या मुलीचंही तसंच झालं असणं फार शक्य आहे.”

आई हळूहळू उठली. टेबलापर्यंत आली. दोन्ही हात टेबलावर टेकवून तिनं विचारलं, “म्हंजी तिनं उडी न्हाई मारली?”

डॉक्टरांना काय विचारलं जातंय ते क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ते म्हणाले, “मला नाही वाटत, आजी.”

आई तिथंच खाली बसली. रडली नाही. नुसती मान हलवत राहिली, आणि मी तिला उठवायला गेले तर तिनं माझा हात झटकला.

निकाल असा लागला. हृदयाला एका ठोक्यानंतर दुसऱ्यासाठी पुन्हा सज्ज व्हायला जो वेळ लागतो, तो आमच्या घरात काहींना जास्त लागतो. अंकुशरावांनी ते त्यांच्या पद्धतीनं समजून घेतलं. “म्हंजी मोटर चांगली, पन लाईनीत खोट,” ते म्हणाले, आणि डॉक्टर म्हणाले, बरोबर. दोष पूजात स्पष्ट निघाला. मीरात निघाला. आणि आईतही निघाला, जी सत्तर वर्षं डोक्यावर पाण्याच्या घागरी वाहून, सहा बाळंतपणं काढून तशीच्या तशी उभी होती. “मला काहून न्हाई नेलं मंग देवानं,” ती म्हणाली. माझ्यात तो नव्हता. माझ्या पट्टीकडे बघून डॉक्टर म्हणाले, तुमचं ठीक आहे. मला ते शिव्या दिल्यासारखं लागलं. त्या तिघींना रोजची एक गोळी, कायमची. पळायचं नाही, विहिरीत उतरायचं नाही, कोणती औषधं चालणार नाहीत त्याची यादी. पूजाच्या आणखी तपासण्या पुढे होतील, लागलं तर छातीत यंत्र बसवावं लागेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि जिना उतरताना बापाला विचारलं, “बाबा, मी पन मरनार का?” अंकुशराव पायरीवरच थांबले. “न्हाई,” ते म्हणाले. “तुझं कळलं ना आपल्याला. रेणूचं कळलं न्हवतं.” आणि तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, त्यांनी तोंडाला गमछा लावला. आता मेंढरं सोडायच्या आधी पूजाला गोळी तेच देतात. पाकीट त्यांच्या बंडीच्या खिशात असतं, मीराच्यासुद्धा हातात देत नाहीत.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये आई कमळबद्दल बोलत होती. कमळला कच्ची चिंच कशी लागायची, ती शिट्टी कशी वाजवायची आणि त्यापायी मार कसा खायची, ठरलेल्या नवऱ्याचा फोटो तिनं उशीखाली कसा ठेवला होता. “तिला पसंत होता पोरगा,” आई म्हणाली. “मला माहीत होतं. पन मी बी लोकांचंच खरं धरलं.” वडीगोद्रीच्या फाट्यापर्यंत ती थांबली नाही. मीरा खिडकीबाहेर बघत होती. उतरताना मी तिच्या पिशवीला हात लावला तर तिनं पिशवी काढून घेतली. मी त्याच जीपनं पुढे बदनापूरला आले. रेणूच्या महिन्याला मी गेले तेव्हा आईनं दोन पानं वाढली होती, एक रेणूचं आणि एक कमळचं. मीरानं मला वाढलं, पाणी दिलं, जसं परक्या बाईला देतात तसं.

लोक मला समजावतात. शाळेतल्या बाई म्हणतात, तुम्हाला कसं कळणार होतं? नवरा म्हणतो, त्या दिवशी पळाली नसती तर दुसऱ्या दिवशी पळाली असती. मी डॉक्टरांनाही फोन करून विचारलं, हळदीच्या वेळी ईसीजी काढला असता तर कळलं असतं का. ते प्रामाणिक माणूस आहेत. म्हणाले, “बहुधा कळलं असतं.” मग म्हणाले, “ताई, तुम्ही त्या दिवशी माझ्या खोलीत बोललात म्हणून धाकटीबद्दल मी एक मिनिटही शंका ठेवली नाही.” ते एक वाक्य मी धरून आहे. पण त्याच्या आधीचंही वाक्य मला सोडत नाही. आपल्या घरात कुणी पोर नाचताना, पळताना, पाण्यात एकदम शुद्ध हरपून पडली असेल, तर ती नंतर हसत उठली म्हणून सोडून देऊ नका. तिच्या आईपासून लपवू नका. एवढं सांगता यावं म्हणून मी हे लिहायला घेतलं, नाहीतर माझ्यासारख्या बाईनं वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहावं असं माझ्याकडे काय आहे…

गेल्या रविवारी मीरा आली. आधी कळवलं नव्हतं. दारात उभी राहून म्हणाली, “रेणूचं सामान न्यायला आले.” मी बाजूला झाले. ती पुढच्या खोलीत गेली, मी स्वयंपाकघरात. तिच्यासमोर उभं राहायचा मला धीर नव्हता. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मी ओट्याला धरून उभी होते. आणि मग तो आवाज सुरू झाला. खट… खट… खटखट… त्या खोलीत माझं जुनं शिलाई मशीन आहे. पट्टा कधीच तुटलाय, वर फळी टाकून रेणू त्यावर अभ्यास करायची, आणि पाठ करताना तिचे पाय खालच्या पायट्यावर चालू असायचे. धडा अवघड असला की आवाज जलद व्हायचा. “बंद कर गं ते, डोकं उठलं,” असं मी रोज ओरडायचे, आणि ती ओरडून सांगायची, “पाय थांबले तर डोकं थांबतं, मावशे.” 

मी दारापर्यंत गेले. मीरा रेणूच्या खुर्चीवर बसली होती. रिकामी पिशवी मांडीवर. पुढ्यात रेणूची जीवशास्त्राची वही उघडी होती, पण ती वाचत नव्हती. तिचे पाय चालू होते आणि ते चालू आहेत हे तिला ठाऊक नव्हतं.

“ती असंच करायची,” मी म्हणाले.

पाय थांबले. मीरानं खाली वाकून पायट्याकडे बघितलं. मग वर माझ्याकडे. “घरी बी करायची,” ती म्हणाली. “मशीन न्हाई तर घमेल्यावर.” मग वहीवर हात ठेवून म्हणाली, “मी तुला माफ न्हाई केलं अजून, ताई.”

“नको करू.”

तिनं वहीचं पान उलटलं. पिशवी उचलून भुईवर ठेवली. “हे आजच न्यावं असं काही न्हाई,” ती म्हणाली. “चहा टाक.”

मी आत जाऊन पातेलं चढवलं. पाणी उकळायला लागलं तेव्हा पुढच्या खोलीतून पुन्हा आवाज यायला लागला. आता ती जाणून करत होती. मी चहात साखर घातली, पत्ती घातली, आणि चहा उतू गेला तरी तिला थांब म्हणाले नाही.